हिंदी येते, मग मराठी येईलच? नवी मुंबईतल्या पाचवीच्या एका वर्गाचे प्रकरण

पार्श्वभूमी

ठाणे–बेलापूर रस्त्याच्या एमआयडीसीकडच्या बाजूला, दगडखाणी आणि कारखान्यांच्या मधल्या वस्तीत ही मराठी माध्यमाची शाळा आहे. शाळा दोन सत्रांत भरते. पाचवी दुपारच्या सत्रात, साडेबारा ते साडेपाच. २०२४–२५ या वर्षी वर्गाचा पट ४१ होता. निम्मी मुले घाटावरून आलेल्या कुटुंबांतली, दहा-बारा जवळच्या गावठाणातली आगरी-कोळी, आणि जून-जुलैमध्ये राज्याबाहेरून नव्याने दाखल झालेली नऊ. नऊंपैकी सात पूर्व उत्तर प्रदेश आणि बिहारमधली होती. त्यांच्या घरी भोजपुरी, आणि आधीची शाळा हिंदीतली. एक मुलगी कलबुर्गीकडची, घरी लंबाणी आणि शाळेत कन्नड शिकलेली. तिचे आईवडील खाणीवर कामाला. एक मुलगा नेपाळचा; त्याचे वडील एका सोसायटीत वॉचमन.

पालकांनी मराठी शाळा का निवडली, याचे उत्तर साधे होते. हिंदी माध्यमाची शाळा रस्ता आणि रेल्वेलाइन ओलांडून पलीकडे, आणि आईवडील दोघेही सकाळी आठला घराबाहेर. दहा वर्षांच्या मुलाला तो रस्ता एकट्याने ओलांडू द्यायला कुणी तयार नव्हते. दोन पालकांनी मात्र ठामपणे सांगितले की इथेच राहायचे आहे, तर पोरांना इथली भाषा यायलाच हवी.

शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ४ प्रमाणे मूल वयानुसार वर्गात बसवायचे आणि त्याला विशेष प्रशिक्षण द्यायचे. नमुना नियमांनुसार हे प्रशिक्षण किमान तीन महिने, जास्तीत जास्त दोन वर्षे. वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. नेपाळच्या मुलाकडे पुरावा होता, पण जन्मदाखल्यावर साल विक्रम संवत २०७० होते आणि कार्यालयात कागद दोन आठवडे अडून राहिला. विक्रम संवतातून ५७ वजा करायचे, तारीख पौषाच्या मध्यानंतरची असेल तर ५६. म्हणजे इसवी सन २०१३ किंवा २०१४. नेपाळी कुटुंबे असलेल्या कुठल्याही शाळेने हे हिशेबाचे टिपण कार्यालयात भिंतीला लावून ठेवावे.

आणखी एक दबाव होता. २०२३ च्या नियमबदलानंतर राज्यात पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आहे. नापास झाले तर पुनर्परीक्षा, त्यातही जमले नाही तर त्याच वर्गात. म्हणजे चौथीपर्यंत जे सांभाळून घेता येत होते, ते पाचवीत घेता येणार नव्हते.

अडचण नेमकी कुठे होती

पहिल्या महिन्यात वर्गशिक्षिकांचे मत होते की हिंदीवाल्या सात मुलांची काळजी नाही, काळजी आहे ती कन्नड आणि नेपाळी मुलांची. लिपी तीच, निम्मे शब्द तेच, पोरे मैदानावर आठवड्याभरात मिसळली. मार्चपर्यंत हे मत जवळजवळ उलटे ठरले.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात प्रत्येक मुलाची वीस मिनिटांची चाचणी घेतली. चित्र पाहून दोन मिनिटे बोलणे, ६० शब्दांचा उतारा मोठ्याने वाचणे, दहा शब्दांचे श्रुतलेखन (विहीर, वेळ, डोळा, पुऱ्या, शाळेत, चमचा असे), आणि एक शाब्दिक उदाहरण. हे उदाहरण फार कामाचे ठरले:

“एका टोपलीत ४८ पेरू होते. त्यांपैकी १२ खराब निघाले. उरलेले पेरू ४ मुलांना सारखे वाटले, तर प्रत्येकी किती मिळाले?”

मराठीत वाचून सातपैकी एकाला उत्तर आले. तेच गणित हिंदीत दिले तेव्हा सहांना आले. कन्नड मुलीला आणि नेपाळी मुलाला चिंचोके मांडून, हातवारे करून सांगितले, तर दोघांनीही चटकन ९ सांगितले. म्हणजे भागाकार कच्चा नव्हता. एका मुलाने “४ मुलांना सारखे वाटले” इथे बोट ठेवून विचारले, “क्या लगा उनको?” त्याला “मला वाटले” माहीत होते, पेरू वाटतात हे माहीत नव्हते. “पैकी” आणि “प्रत्येकी” हे शब्द तर सगळ्यांनीच गाळून वाचले. या चाचणीआधी याच मुलांच्या नावापुढे “गणित कच्चे” असा शेरा पडला होता.

जवळच्या भाषेचा सापळा असा असतो. शब्द ओळखीचा वाटतो म्हणून मूल थांबत नाही, विचारत नाही. “ऊन” म्हणजे लोकर, “पीठ” म्हणजे पाठ, “वही” म्हणजे तोच, “शिक्षा” म्हणजे शिक्षण असे धरून ते पुढे वाचत जाते. गणितात “वर्ग” हा हिंदीत चौरस. “वर्गाची लांबी ८ मीटर व रुंदी ६ मीटर” हे वाक्य वाचून एक हुशार मुलगी अडून बसली. चौरसाच्या दोन बाजू वेगळ्या कशा, हा तिचा प्रश्न बरोबरच होता. हिंदीतले “भिन्न” म्हणजे मराठीत अपूर्णांक, “समकोण” म्हणजे काटकोन, “हासिल” म्हणजे हातचा, हे तिला कुणी सांगितलेच नव्हते.

कन्नड मुलीला यातले काहीच ओळखीचे नव्हते, म्हणून ती प्रत्येक शब्द विचारायची. शिवाय कन्नडमध्ये ळ आहे. “मूल” आणि “मूळ”, “वेल” आणि “वेळ” हा फरक तिच्या कानाला पहिल्या दिवसापासून कळत होता. तिला शिकायची होती ती लिपी, आणि तिला सात आठवडे पुरले.

समोरचे पर्याय

हिंदी माध्यमात बदली करणे हा पहिला पर्याय. रस्त्याचे कारण होतेच, शिवाय २०२० च्या कायद्याने राज्यातल्या सगळ्या शाळांत मराठी सक्तीची आहे. तिथे गेल्याने मराठी टळली नसती, लांबली असती. पालकांना दोन्ही बाजू सांगितल्या. एकानेही दाखला मागितला नाही.

दुसरा, दुसरीच्या वर्गात बसवणे. हे वयाच्या तत्त्वाविरुद्ध आहे, आणि दहा वर्षांच्या मुलाला सात वर्षांच्या बाकावर बसवले की ते शाळेत यायचे थांबते.

तिसरा, तीन महिने पूर्ण वेळ वेगळा वर्ग. मराठी झपाट्याने आली असती, पण बोलणार कुणाशी? नऊ जणांत सात हिंदीवाले. तो वर्ग हिंदीचाच झाला असता. स्पेनमधल्या कॅटलोनियात २००४ पासून परदेशांतून आलेल्या मुलांसाठी शाळांमध्ये स्वागतवर्ग चालतात. तिथे मूल दिवसाचा काही भाग तिथली भाषा, कॅटलन, शिकते आणि उरलेला वेळ आपल्या वर्गात असते. लॅटिन अमेरिकेतून आलेल्या मुलांना स्पॅनिश येत असते, मैदानावर ती चालून जाते, आणि कॅटलन मागे पडते. आपल्याकडच्या हिंदीची गोष्ट याहून वेगळी नाही.

म्हणून अर्धवेळ वेगळा वर्ग ठरला: रोज ३५ मिनिटांच्या दोन तासिका, आठवड्याचे पाच दिवस. खरा वाद झाला तो कोणत्या तासिका काढायच्या यावर. पाचवीला हिंदी विषय सुरू होतो, आणि या मुलांना हिंदी येतेच, तेव्हा तो तास घ्या, अशी पहिली सूचना आली. मुख्याध्यापिकांनी ती नाकारली. दिवसभरात ही मुले हात वर करतात असा तो एकच तास होता, आणि मराठी मुले त्यांच्याकडे काहीतरी विचारायला जायची तीही त्याच तासाला. चित्रकला, कार्यानुभव आणि खेळालाही हात लावला नाही, कारण ऐकत-बोलत भाषा अंगवळणी पडते ती तिथेच. गणित काढणे शक्य नव्हते. शेवटी प्रथम भाषा मराठीची एक आणि परिसर अभ्यासाची एक तासिका काढली. सगळ्या प्रकरणात आम्हाला सगळ्यात नेमका वाटलेला निर्णय हाच.

काय केले

तीन दिवस मुख्याध्यापिका आणि दोन दिवस वस्तीतल्या एक सेवानिवृत्त शिक्षिका शिकवत. दोघींत एक वही ठेवली. आज काय झाले, कोण अडले, उद्या कुठून सुरू करायचे, एवढ्या तीन ओळी रोज. रिकामी खोली नव्हती, म्हणून वर्ग व्हरांड्यात. वर पत्रा. जुलैच्या पावसात ल आणि ळ मधला फरक ऐकूच येईना, म्हणून पावसाच्या दिवशी लेखन आणि उघडीप असेल त्या दिवशी उच्चार, अशी अदलाबदल ठेवावी लागली.

पुस्तक म्हणून बालभारतीची अमराठी माध्यमांसाठीची सुलभभारती घेतली. ई-बालभारतीच्या संकेतस्थळावरून ती मोफत उतरवता येते. तिचे धडे मराठी दुसरी भाषा म्हणून शिकणाऱ्यासाठी लिहिलेले आहेत, आणि या मुलांची स्थिती तीच होती.

पहिले चार आठवडे नामे. नियम एकच: नाम एकटे शिकायचे नाही. तो फळा, ती खिडकी, ते दप्तर. तीन रंगांच्या पट्ट्या, तो निळी, ती लाल, ते हिरवी. रोज पाच शब्द, आठवड्याला पंचवीस. हिंदीत नपुंसकलिंग नाही, त्यामुळे “तो घर”, “तो दूध”, “ती पुस्तक” हे हमखास व्हायचे. घर, पाणी, दूध, दही, पुस्तक हे हिंदीतून येताना लिंग बदलून नपुंसक होणारे शब्द, आणि आवाज, चहा हे स्त्रीलिंगी सोडून पुल्लिंगी होणारे. यांची वेगळी पट्टी करून दाराला लावली. सारखे असणारे शब्द पाठ करून घेण्यात वेळ घालवायचा नाही, असे ठरवले.

मग “हम”चा प्रश्न आला. भोजपुरी बोलणारे मूल स्वतःला “हम” म्हणते. ते मराठीत आले “आम्ही” होऊन. “बाई, आम्ही डबा नाही आणला,” एकटी मुलगी सांगायची आणि वर्ग हसायचा. शिवाय हिंदीतल्या “आप”वरून “बाई, आपण बसा” असेही ऐकू येई. फरशीवर खडूने मोठे वर्तुळ काढले. बोलणारा एकटा आत उभा, तर “मी”. बोलणारा आणि मित्र आत, ऐकणाऱ्या बाई बाहेर, तर “आम्ही”. बाईंनाही हात धरून आत ओढले, तर “आपण”. आणि बाईंशी बोलायचे तर “तुम्ही”. तीन दिवस रोज पंधरा मिनिटे. कन्नड मुलीने चौथ्या दिवशी मधल्या सुट्टीत एका मुलाला टोकले: “आपण नाही, तुम्ही जाणार. मी नाही येत.”

पाचव्या आठवड्यापासून सामान्यरूप, म्हणजे प्रत्यय लागताना नामाचे बदलणारे रूप. इथे पहिली मोठी चूक झाली. विभक्तीचा पूर्ण तक्ता फळ्यावर लिहून सुरुवात केली आणि दोन आठवडे वाया गेले. मुले तक्ता म्हणत होती, पण “घर मध्ये” आणि “शाळात” लिहीत होती. मग तक्ता पुसला. नामांचे चारच गट घेतले: डबा–डब्यात, शाळा–शाळेत, दप्तर–दप्तरात, पिशवी–पिशवीत. प्रत्ययही चारच: त, वर, ला, ने. चा-ची-चे मुद्दाम मागे ठेवले, कारण तिथे पुढच्या नामाचे लिंगही सांभाळावे लागते. जाड कागदाच्या पट्टीवर “शाळा” लिहून ळा-च्या कान्यावर कात्री मारायची, तिथे मात्रेचे “ळे” चिकटवायचे, मगच “त” जोडायचा. प्रत्यय लागण्याआधी शब्द बदलतो, ही गोष्ट हाताने केल्यावर बसली.

नवव्या आठवड्यापासून विषयांचे शब्द. गणिताचे चाळीस: जोड–बेरीज, घटाव–वजाबाकी, त्रिभुज–त्रिकोण, आणि शाब्दिक उदाहरणांत अडवणारे पैकी, प्रत्येकी, उरले, शिल्लक. दोन रकान्यांची वही मुलांनीच केली. इथे हिंदीला पूर्ण मुभा होती.

मध्येच काय बिघडले

सप्टेंबरमध्ये मुख्याध्यापिकांनी मूळ वर्गात मागे बसून एका तासिकेत खुणा केल्या. शिक्षिका आणि नव्या मुलांमध्ये २२ वेळा बोलणे झाले, त्यांतले १७ वेळा हिंदीत. शिक्षिका प्रेमळ होत्या. मूल अडले की त्यांना राहवत नसे. व्हरांड्यात मराठी आणि वर्गात हिंदी, असा प्रकार सुरू होता. त्यावर चार पायऱ्या ठरल्या. आधी मराठीत सांगायचे आणि मनात पाच आकडे मोजेपर्यंत थांबायचे. मग चित्र किंवा हातवारा. मग हिंदी. आणि शेवटी तेच वाक्य मुलाकडून परत मराठीत वदवून घ्यायचे. चौथी पायरी सुटली की पहिल्या तीन फुकट जातात. महिन्याभराने पुन्हा खुणा केल्या तेव्हा हिंदी वापर १९ पैकी ६ वर आला होता.

नेपाळच्या मुलाला हिंदी जेमतेम येत होती. म्हणजे त्याच्यासाठी माघारीला भाषाच नव्हती, आणि सगळे त्याच्याशी नाइलाजाने मराठीच बोलत. डिसेंबरात तो हिंदीवाल्या चौघांच्या पुढे होता. एका मुलावरून नियम काढता येत नाही, पण वर्गशिक्षिकांचे मत बदलले ते त्या खुणांमुळे नाही, या मुलामुळे.

दुसरी गोष्ट जास्त नाजूक होती. प्रत्येक नव्या मुलाला एक मराठी जोडीदार दिला होता. एका मुलीची जोडीदार आगरी होती. नवी मुलगी “पानी”, “डोला”, “मना दे” असे बोलू लागली. शिक्षिकांनी सगळ्यांसमोर दुरुस्त केले, आणि आगरी मुलगी त्या दिवसापासून जोडीदारणीशी बोलेनाशी झाली. ज्या मुलीच्या पूर्वजांच्या भातशेतीवर हे शहर उभे आहे, तिला तिच्याच शाळेत आपली बोली चुकीची वाटावी, हे फार वाईट होते. फळ्यावर दोन रकाने काढले, गावातली आणि पुस्तकातली, आणि गावातल्या रकान्यात लिहायला तिलाच बोलावले. मना–मला, पानी–पाणी, डोला–डोळा. नवी मुलगी आता दोन्ही शिकली, कुठे काय चालते यासह. जोडी मात्र पूर्ववत व्हायला दिवाळी उजाडली.

दिवाळीनंतर छठसाठी चार मुले गावी गेली आणि अठरा दिवसांनी परतली. बोलणे शाबूत होते. सामान्यरूप पार विसरले होते.

आणि तिसरी चूक वर्गातून बाहेर पडण्याच्या निकषाची. सप्टेंबरअखेर तीन मुले छान बोलतात म्हणून त्यांना पूर्ण वेळ मूळ वर्गात पाठवले. ऑक्टोबरात दोघांच्या लेखी उत्तरांचे कागद कोरे आले. त्यांना परत व्हरांड्यात आणले, तर एकाने विचारले, “मी नापास झालो का?” द्विभाषिक शिक्षणाचे अभ्यासक जिम कमिन्स यांनी १९७९ मध्ये मांडलेला भेद शिक्षकांना ठाऊक होता. रोजच्या बोलण्याची भाषा एक-दोन वर्षांत येते, अभ्यासाची भाषा यायला पाच ते सात वर्षे लागू शकतात. तरी मुलाच्या फाडफाड बोलण्याने सगळे फसले. नंतर निकष बदलला: न विचारता लिहिलेली पाच वाक्ये आणि स्वतः वाचून सोडवलेले एक शाब्दिक उदाहरण.

निष्पत्ती

जानेवारीत एक कुटुंब भिवंडीला गेले. आठ मुले उरली. मार्चमध्ये जुलैसारखीच चाचणी, उदाहरणे मात्र चार. आठपैकी सहांनी किमान तीन सोडवली. वाचनात तिघे पाचवीच्या पातळीला, चौघे तिसरीच्या, एक दुसरीच्या. वार्षिक परीक्षेत सात उत्तीर्ण, आठवा पुनर्परीक्षेत. कन्नड मुलगी आणि नेपाळी मुलगा वाचनात पहिल्या तिघांत होते.

लिंगाच्या चुका लेखनात आठही जणांच्या राहिल्या. “ते पाणी” सगळ्यांना पाठ होते, पण निबंधात “थंड पाणी प्यायलो” हे एकदा बरोबर लिहून पुढच्याच ओळीत “पाणी गोड होता”. विशेषण बदलत नाही तिथे चूक झाकली जाते, क्रियापदाशी उघडी पडते. यावर वेगळे काम झाले नाही.

पुन्हा करायचे झाले तर

दोन भाषांतले शाब्दिक उदाहरण जुलैत नाही, प्रवेशाच्या दिवशीच द्यावे. पाच मिनिटांचे काम आहे, आणि “गणित कच्चे” हा शेरा पडण्याआधी ते झालेले बरे; एकदा पडलेला शेरा पुसायला सहा महिने लागले. शिक्षिकांच्या बोलण्यातल्या हिंदीची मोजणी सप्टेंबरऐवजी पहिल्याच पंधरवड्यात करावी. छठ आणि मे महिन्याच्या सुट्ट्या आधीच ठाऊक असतात. मे महिन्यासाठी शिक्षिकांनी रोज एक, अशी वीस वाक्ये आवाजात भरून पालकांच्या व्हॉट्सअॅपवर पाठवली. छठच्या आधी हे सुचले नव्हते. आणि जोडीदार निवडताना मूल कोणती मराठी बोलते याचा विचार आधी करून दोन रकान्यांची वही पहिल्या दिवसापासून ठेवावी, म्हणजे कुणाची बोली दुरुस्त करायची वेळच येणार नाही.

सहावीचे वर्गशिक्षक वेगळे होते. जूनमध्ये त्यांच्या हातात प्रत्येक मुलाचे अर्ध्या पानाचे टिपण दिले. बिहारमधल्या एका मुलीच्या टिपणात लिहिले होते: “बोलते छान, त्यावर जाऊ नका. उदाहरण आधी मोठ्याने वाचून घ्या, ‘पैकी’शी थांबवा. अडली तर हिंदी आधी नको, चित्र काढा. हिंदीच्या तासाला तिला उभे करा. ‘आम्ही’ म्हणाली तर कोण कोण ते विचारा. आता बहुतेक वेळा खरंच दोघी असतात.”